सुटका झाली, मग फौज का थांबली?

१९०० सालच्या जुलैमध्ये पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, परदेशी वकिलातींच्या वस्तीत एक तोफ जुळवली गेली. जुळवली हाच शब्द बरोबर आहे. नळी जुन्या लोखंडाच्या दुकानात सापडली होती. बहुधा चाळीस वर्षांपूर्वीच्या इंग्रज-फ्रेंच स्वारीत मागे राहिलेली. गाडा इटलीच्या खलाशांचा. गोळे रशियाचे, कारण रशियनांनी गडबडीत गोळे तेवढे आणले आणि तोफ तिआनजिनच्या स्टेशनातच विसरले. डागणारा अमेरिकन आरमारातला तोफची. आत अडकलेले लोक तिला कौतुकानं 'बेट्सी' म्हणत. नेम धड लागत नसे, आवाज मात्र दणदणीत.

पेकिंगच्या वेढ्याची गोष्ट सांगताना ही तोफ हटकून येते, आणि सगळे गाडा कुणाचा नि गोळे कुणाचे यातच रमतात. नळी तिथे मुळात आली कशी, हे विचारायचं राहून जातं. मला तिथूनच सुरुवात करायची आहे.

पेकिंगमध्ये कायमचा राजदूत ठेवण्याचा हक्क पाश्चात्त्य राष्ट्रांना गोडीगुलाबीनं मिळाला नव्हता. १८५८ च्या तिआनजिनच्या तहात तो कागदावर आला, आणि चिनी दरबार चालढकल करू लागला तेव्हा १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौज राजधानीत घुसली, बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटून जाळला आणि कागद अमलात आणला. ही सगळी भांडणं ज्या अफूच्या व्यापारापासून पेटली त्यात मुंबईचाही हात होता. माळव्याची अफू आपल्याच बंदरातून चीनला जायची, आणि जे. जे. रुग्णालय ज्या दानशूर घराण्याच्या नावानं उभं आहे त्याच्या संपत्तीतही त्या धंद्याचा वाटा होता. तेव्हा आपण फार सोवळ्यात बोलू नये. सांगायचं ते एवढंच, की शहराच्या तटाला लागून, राजवाड्याच्या हाकेच्या अंतरावर असलेली वकिलातींची ती वस्ती चिनी माणसाच्या डोळ्यांत पाहुण्यांची ओसरी नव्हती. ती हरलेल्या लढाईची खूण होती.

म्हणून तिथल्या माणसांना मारायचा हक्क कुणाला मिळतो का? अजिबात नाही. शांदोंग प्रांतातून उठलेल्या बॉक्सरांनी, म्हणजे परदेशी लोकांविरुद्ध बंड करणाऱ्यांनी, चिनी ख्रिस्त्यांची गावंच्या गावं जाळली. त्यांच्या रागाला दुष्काळ, मिशनऱ्यांची कोर्टकचेऱ्यांतली ढवळाढवळ, १८९७ पासून जर्मनीनं बळकावलेला किनारा अशी बरीच कारणं होती. पण मेले ते बहुतेक आसपासचे गरीब शेतकरीच. ११ जूनला जपानी वकिलातीतला अधिकारी सुगियामा मारला गेला. २० जूनला जर्मन राजदूत केटेलर चिनी परराष्ट्र खात्याकडे निघाला असताना भर रस्त्यात गोळी घालून ठार झाला. आठच दिवसांपूर्वी याच गृहस्थानं एका बॉक्सर पोराला काठीनं झोडपून पकडून ठेवलं होतं, हेही खरं. पण राजदूताचा खून तो खूनच.

त्या दुपारपासून पंचावन्न दिवस बॉक्सरांचा आणि चिनी फौजेचा वकिलातींना वेढा चालला. आत चारशेच्या आसपास परदेशी सैनिक, त्याहून थोडे जास्त परदेशी नागरिक, आणि सुमारे तीन हजार चिनी ख्रिस्ती. परदेशी कुटुंबं बहुतेक ब्रिटिश वकिलातीत. चिनी ख्रिस्ती शेजारच्या सू राजपुत्राच्या वाड्यात, जिथे शिबा गोरो नावाचा जपानी अधिकारी मूठभर माणसांनिशी झुंजत होता. वकिलातीत शर्यतीच्या घोड्यांचं मांस आणि भात मिळत होता. वाड्यातल्यांनी शेवटी कुत्री खाल्ली, झाडांची साल आणि पाला खाल्ला. आत तटबंदीसाठी बायका रेशमी पडद्यांच्या आणि किनखापाच्या पिशव्या शिवत, त्यांत माती भरली जाई. जगात असा रंगीत मोर्चा दुसरा झाला नसेल. १६ जुलैला लंडनच्या एका वर्तमानपत्रानं सगळे कापले गेल्याची बातमी छापली. 'टाइम्स'नं तर आपल्याच वार्ताहराचा, जॉर्ज मॉरिसनचा, मृत्युलेख दुसऱ्या दिवशी छापून टाकला. मॉरिसन तेव्हा जखमी असला तरी जिवंत होता.

याच दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. १७ जुलैच्या सुमाराला गोळीबार थंडावला आणि चिनी दरबाराकडून वकिलातींना कलिंगडं आली, भाजी आली, बर्फ आला. ज्यांना मारायचं त्यांनाच उन्हाळ्यात कलिंगडं! राजमाता त्सूशीनं २१ जूनला युद्ध पुकारलं होतं खरं, पण दरबारात दोन तट होते. सेनापती रोंगलूकडच्या आधुनिक तोफा मनापासून चालल्या असत्या तर ही वस्ती आठवडाभरही टिकली नसती. दरबार एका हातानं मारत होता, दुसऱ्या हातानं थोपवत होता, आणि असल्या दरबाराशी बोलणं करायला जागा होती. ती जागा बाहेरच्या आरमारानं आधीच अरुंद करून टाकली होती. १७ जूनला, म्हणजे वेढा पडायच्या तीन दिवस आधी, परदेशी जहाजांनी समुद्राच्या तोंडावरचे दागूचे किल्ले घेतले. त्यानंतर १९ तारखेला दरबारानं राजदूतांना चोवीस तासांत राजधानी सोडायला सांगितलं. अमेरिकन ॲडमिरल केम्फ यानं किल्ल्यांवर हल्ला करायला नकार दिला होता. आपलं चीनशी युद्ध नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्यावर तेव्हा टीका झाली. त्या काठावरच्या अधिकाऱ्यांत मला तोच एकटा शुद्धीवर असलेला वाटतो.

तरीही ऑगस्टमध्ये फौज जायलाच हवी होती, असंच मी म्हणेन. जूनमध्ये ॲडमिरल सीमूर दोन हजार माणसं आगगाडीत घालून निघाला होता. पुढचे-मागचे रूळ उखडले गेले आणि कसाबसा जीव वाचवून परतला. बोलणी दरबारातल्या कोणत्या तटाशी करायची हे कुणालाच कळत नव्हतं. आत बायकापोरं होती, पालापाचोळा खाणारी तीन हजार चिनी माणसं होती. अशा वेळी दूर बसून कायद्याचा कीस पाडणं सोपं असतं. ४ ऑगस्टला तिआनजिनहून वीसेक हजारांची फौज निघाली. त्यात सगळ्यात मोठा वाटा जपानचा, मग रशियाचा. ब्रिटिशांच्या तीनेक हजारांत बहुतेक हिंदी शिपाई. जर्मनीची माणसं त्या कूचमध्ये जवळपास नव्हतीच, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

१४ ऑगस्टची सकाळ म्हणजे शर्यतच. ठरलं होतं की तटाबाहेर तळ टाकायचा आणि १५ ला एकत्र हल्ला करायचा. रशियनांना दम निघाला नाही, ते रात्रीच एका दरवाजावर गेले. मग जपानी धावले, अमेरिकन तट चढले. ज्यांच्या वाटेला जवळपास विरोधच झाला नाही ते ब्रिटिश. तटाखालून वकिलातींकडे येणारा एक पाण्याचा नाला होता. तटावरच्या खलाशानं निशाण हलवून वाट दाखवली आणि दुपारी सातवी राजपूत आणि पहिली शीख या पलटणींचे शिपाई त्या गाळातून, नाल्यातल्या घाणीतून आत शिरले. आत हिरवळीवर टोप्या घातलेल्या मडमा उभ्या, आणि सोडवायला आलेले हे गुडघाभर चिखलात माखलेले, अवधचे आणि पंजाबचे. कुणाच्या सुटकेसाठी कोण आलं होतं! त्याच वर्षी आपल्याकडे मुंबई इलाख्यात आणि राजस्थानात माणसं दुष्काळानं मरत होती.

बेतांगचं मोठं चर्च तिथून दोन-अडीच मैलांवर. तिथे बिशप फाव्हिए, त्रेचाळीस फ्रेंच-इटालियन खलाशी आणि तीन हजारांहून जास्त चिनी ख्रिस्ती अडकले होते. त्यांचे हाल वकिलातींपेक्षा वाईट. तिथे मदत पोचली १६ तारखेला. दोन दिवस शहरात असूनही. वीस हजारांची फौज दोन मैल जायला दोन दिवस घेते, तेव्हा ती काय करत होती हे विचारायला हवं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, १६ ऑगस्ट १९०० रोजी सुटका संपली. त्सूशी १५ ला पहाटे शेतकरीणीचे कपडे घालून खेचराच्या गाडीतून पळाली होती. वेढा उठला होता. अडकलेली माणसं मोकळी होती. त्यानंतर त्या फौजेनं जे केलं त्याला दुसरं नाव द्यावं लागतं, आणि इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांनी ते दिलेलं नाही. सगळं एकाच 'मोहिमेत' घालून टाकलं.

काय केलं? शहर वाटून घेतलं, एकेका राष्ट्राला एकेक भाग. लूट तर सगळ्यांनीच केली. ब्रिटिशांची लूट शिस्तीची: वकिलातीच्या आवारात रोज लिलाव, पुकारा, नोंद, पैशांची वाटणी. शिस्तीची चोरी ही चोरीपेक्षा बरी, असं त्यांना मनापासून वाटत असावं. २८ ऑगस्टला राजवाड्यातून सगळ्या राष्ट्रांनी वाजतगाजत संचलन केलं. आणि मग आले जर्मन. कैसर विल्हेल्मनं २७ जुलैला बंदरावर सैनिकांना निरोप देताना हूणांसारखे वागा, कैद करू नका, असं सांगून पाठवलं होतं. त्यांचा सेनापती फील्ड मार्शल वाल्डरझे पेकिंगला पोचला ऑक्टोबरात, सुटकेनंतर दोन महिन्यांनी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. पण या घोड्याला वरात संपलीय हे मान्यच नव्हतं. त्यानं खेड्यापाड्यांत 'शिक्षेच्या' मोहिमा काढल्या. पेकिंगच्या दक्षिणेच्या बाओदिंग शहरावर स्वारी झाली, तिथल्या अधिकाऱ्यांची मुंडकी उडवली गेली. त्या स्वारीत जनरल गॅस्लीची ब्रिटिश फौज, म्हणजे आपले हिंदी शिपाईही होते. पेकिंगच्या वेधशाळेतली कितीतरी जुनी खगोलयंत्रं फ्रेंच आणि जर्मनांनी वाटून घेतली. जर्मनांनी आपल्या वाट्याची पॉट्सडॅमला नेऊन मांडली. ती परत मिळाली व्हर्सायच्या तहात तसं कलम घातलं गेल्यावर. तारे मोजायच्या यंत्रांचा आणि वकिलातीच्या रक्षणाचा काय संबंध, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

हे सगळं बघणारा एक शिपाई आपल्यात होता. सातव्या राजपूत पलटणीतले ठाकूर गदाधर सिंह यांनी परत आल्यावर १९०२ मध्ये हिंदीत 'चीन में तेरह मास' नावाचं पुस्तक स्वतः छापलं. गंमत बघा, जे सोडवायला गेले त्यांच्यातला हा माणूस चिन्यांची बाजू समजून घेतो. तेही आपल्यासारखेच आशियातले, आपलेच शेजारी, आणि त्यांची ही अवस्था बघून जीव तुटावा असं त्याला वाटतं. लुटीबद्दल, बायकांवरच्या अत्याचारांबद्दल तो स्पष्ट लिहितो. गोऱ्या वार्ताहरांच्या जाडजूड आठवणी जगभर वाचल्या गेल्या. गदाधर सिंहांना आपणही विसरलो. मराठीत कुणी त्यांचं भाषांतर करायला घेतलं तर पहिली प्रत मी घेईन.

आता आक्षेप. तो फालतू नाही, म्हणून नीट घेतो. आक्षेप असा, की नुसतं सोडवून परत आला असता तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. राजदूतांना मारलं तर काय होतं याचा धाक बसायलाच हवा. राजदूताच्या सुरक्षिततेवर राष्ट्राराष्ट्रांतलं सगळं बोलणं उभं असतं. ती एकदा मोडली की मागे फक्त तोफा उरतात.

धाकाचं तत्त्व मला मान्य आहे. प्रश्न धाक कुणाला बसवला याचा आहे. १९०० च्या त्या उन्हाळ्यात दक्षिण चीनच्या सुभेदारांनी, चांग चिदोंग, ल्यू कुन्यी आणि कँटनला असलेले ली होंगचांग यांनी, दरबाराचा युद्धाचा हुकूम सरळ बाजूला ठेवला. शांघायमधल्या परदेशी कॉन्सलांशी बोलणी करून त्यांनी यांग्त्सेच्या खोऱ्यात बहुतेक ठिकाणी परदेशी माणसाच्या केसाला धक्का लागू दिला नाही. म्हणजे वकिलातींना सुरक्षित ठेवण्याचा चिनी मार्ग होता आणि तो चालतही होता. बक्षीस काय मिळालं? ७ सप्टेंबर १९०१ च्या तहानं ४५ कोटी टेल (टेल हे चिनी वजन) चांदीचा दंड बसवला, माणशी एक टेल, ३९ वर्षांच्या हप्त्यांनी, चार टक्के व्याजानं. व्याज धरून ही रक्कम दुपटीच्याही वर जाते. तो दंड बॉक्सरांनी भरला नाही, ते केव्हाच मेले किंवा पांगले होते. तो भरला मिठावरच्या करातून आणि बंदरांच्या जकातीतून, ज्यांनी परदेशी माणसाला जपलं त्या प्रांतांनीसुद्धा. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे सुकं जळून गेल्यावर खास ओलं आणून जाळलं.

त्या तहातली दोन कलमं मात्र दंडाहून महाग पडली. एक, वकिलातींच्या वस्तीत चिनी माणसाला राहायला बंदी आणि परदेशी फौजेचा कायमचा पहारा. दोन, पेकिंगपासून समुद्रापर्यंतच्या रेल्वेवर ठरलेल्या बारा ठिकाणी परदेशी सैन्य ठेवायची मुभा. कारण काय दिलं? राजदूतांचा समुद्राशी संपर्क तुटू नये. ऐकायला किती रास्त!

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. या मुभेवर जपाननं उत्तर चीनमध्ये फौज ठेवली. ती वाढवत नेली. १९३६ मध्ये यादीत नसलेल्या फेंगताईलाही ठाणं टाकलं. आणि ७ जुलै १९३७ च्या रात्री त्याच फौजेची पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी चिनी तुकडीशी चकमक झाली, तिथून आठ वर्षांचं चीन-जपान युद्ध पेटलं. १९०० मध्ये राजदूतांच्या रक्षणासाठी आलेली पाहुणी फौज सदतीस वर्षांनंतरही तिथेच होती, आणि तीच यजमानाचं घर पेटवायला कारण झाली.

सोलापूरच्या माणसाला पुढचं सांगायला नको. त्या युद्धात जखमी झालेल्या चिनी सैनिकांसाठी काँग्रेसनं १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात द्वारकानाथ कोटणीस होते. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते हबेई प्रांतातल्या तांग तालुक्यात वारले. नकाशा काढून पाहिला तर तांग हे बाओदिंगच्याच मुलखात येतं. जिथे १९०० मध्ये गॅस्लीची फौज मुंडकी उडवायला गेली होती. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या अंतरानं त्या एकाच मुलखात दोन प्रकारचे हिंदी लोक गेले. शाळेत कोटणीसांचा धडा शिकलो तेव्हा त्यांच्या आधी कोण गेलं होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुणेकरांना तर ही गोष्ट घरचीच वाटायला हवी. संगमावरचं इंग्रज रेसिडेंटाचं घर हेही वकिलातच होतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला एल्फिन्स्टन तिथून निसटून खडकीच्या छावणीत गेला, पेशव्यांच्या सैन्यानं बंगला जाळला, त्याची पुस्तकं-कागद राख झाले. लढाई झाली, बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि वर्षभरात राज्य गेलं. जळालेल्या बंगल्याची भरपाई म्हणून अख्खं राज्य. बाजीरावाच्या बाजूनं बोलायची मला इच्छा नाही, पण हा हिशेब आपण ओळखतो.

आज कायदा बदललाय. १९६१ च्या व्हिएन्ना करारात दूतावासाचं आवार अभेद्य मानलं आहे आणि त्याच्या रक्षणाची जबाबदारी यजमान देशावर टाकली आहे. यजमानानं ती पाळली नाही तर पाहुण्या देशानं फौज घालावी, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तेहरानमध्ये १९७९ साली अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली गेली, बावन्न माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९८० च्या मे महिन्यात इराणला साफ दोषी ठरवलं. पण निकाल येण्याआधीच अमेरिकेनं वाळवंटात कमांडो उतरवून सुटकेची मोहीम केली, ती फसली, आठ सैनिक गमावले, आणि त्याच निकालात न्यायालयानं त्यावरही नाराजी नोंदवली. ओलीस शेवटी सुटले ते अल्जीरियाच्या मध्यस्थीनं.

आपल्याकडे दूतावासावर हल्ला झाल्याची बातमी आली की टीव्हीवर संध्याकाळी निवृत्त अधिकारी नकाशावर बाण काढायला लागतात. त्यांना मी दोन आपलीच उदाहरणं देईन. १९९० मध्ये कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले, तेव्हा परराष्ट्रमंत्री गुजराल सद्दामला मिठी मारून आले. त्या फोटोवरून त्यांची यथेच्छ टर उडवली गेली. मला ती मिठी फार स्वस्त वाटते. २०१५ मध्ये येमेनवर सौदीचे बाँब पडत होते, खाली हूती बंडखोर होते, तरी आपली विमानं साना विमानतळावर ठरलेल्या वेळात उतरली. आयएनएस मुंबई, तर्कश आणि सुमित्रा बंदरांना लागल्या. साडेचार हजारांवर भारतीय आणि नऊशेवर परदेशी बाहेर आले. लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी आपलं बोलणं चालू होतं, म्हणून हे जमलं. आणि काम झाल्यावर जहाजं परत आली.

उद्या कुठल्या राजधानीत वकिलातींना वेढा पडला आणि संयुक्त फौजेत भारतानं यावं असं निमंत्रण आलं, तर जावं की न जावं यावर मी आधीच ठाम नाही. आतली माणसं मरणार असतील तर जावं लागेल. माझी अट एकच. फौज निघायच्या आधी तिची परतीची तारीख, किंवा निदान परतीची खूण, संसदेपुढे लेखी मांडली जावी: अमुक माणसं बाहेर आली की आपलं सैन्य त्या आठवड्यात माघारी. शिक्षा, दंड, पहारा, ठाणी यांबद्दल कुणाला बोलायचं असेल तर ते वेगळं, वेगळ्या ठरावानं, वेगळ्या चर्चेनं. सुटकेच्या पिशवीत घालून नाही. व्यवहारात हे कठीण आहे म्हणणारे भेटतील. आठ राष्ट्रांच्या सेनापतींना पेकिंगच्या तटाबाहेर एक रात्र एकत्र थांबणंही जमलं नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच तारीख निघण्याआधी ठरवायची.

नाहीतर परत करायला किती वेळ लागतो याचं एक उदाहरण आपल्याच घरात होतं. पेकिंगच्या स्वर्गमंदिरातली एक घंटा त्या वर्षी एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं उचलली आणि ती हिंदी पलटणीच्या मेसमध्ये येऊन पडली. पुढे इंग्रज गेले, देश स्वतंत्र झाला, चीनशी युद्धही झालं, तरी घंटा मेसमध्येच. १९९० च्या दशकात लष्करप्रमुख बी. सी. जोशी यांच्या लक्षात ती आली. जोशी म्हटलं तरी ते आपल्याकडचे नव्हेत, कुमाऊँचे. त्यांनी ती चीनला परत करवली, तेव्हा नाल्यातून आत शिरलेल्या त्या दुपारला नव्वदहून जास्त वर्षं होऊन गेली होती.